करिअर ब्रेक आणि दीर्घ बेकारी: गॅप सारखी, गोष्ट वेगळी

बायोडाटावर दोन्ही सारख्याच दिसतात. एक नोकरी संपली, पुढे तीन-चार वर्षं कोरी. मुलाखतीत प्रश्नही तोच येतो, "मधली वर्षं काय करत होतात?" म्हणून सल्लाही सगळ्यांना एकच मिळतो, आणि तो निम्म्या लोकांना लागू पडत नाही.

ब्रेक म्हणजे काम आपण थांबवलं: मूल, घरातलं आजारपण, शिक्षण. बेकारी म्हणजे काम हवं होतं, मिळालं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत बेकार तो, ज्याच्या हाताला काम नाही, जो ते शोधतोय आणि मिळालं तर रुजू व्हायला मोकळा आहे. असं वर्षभर किंवा जास्त चाललं की दीर्घ बेकारी. अमेरिकेत २७ आठवड्यांनीच. म्हणजे आजारी वडिलांजवळ बसलेला मुलगा या मोजणीत येत नाही. आणि नकार ऐकून ऐकून ज्यानं अर्ज करणंच सोडलं, तोही गळतो. हे मला फार लागतं.

समोरच्याच्या शंकाही वेगळ्या. ब्रेकवाल्याबद्दल: सवय मोडली असेल का, पुन्हा सोडून जाईल का? बेकाराबद्दल: एवढ्या जणांनी नाही म्हटलंय, तर काहीतरी खोट असेल. ही दुसरी शंका भलतीच चिवट. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काल्पनिक उमेदवारांचे सुमारे १२,००० बायोडाटा नोकरीच्या जाहिरातींना पाठवले होते. बेकारीचा काळ वाढला तशी बोलावणी घटली. घसरण मात्र मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली. त्यानंतर आकडा जवळपास स्थिरावला. जिथे मुळातच कामं कमी, तिथे हा फटकाही सौम्य होता. दीड वर्ष घरी असलेल्याला हे कुणीतरी सांगायला हवं. "आता तर फारच उशीर झाला" म्हणून तो अर्ज थांबवतो, तेव्हा मोठी घसरण केव्हाच मागे पडलेली असते.

ब्रेकवाल्यांसाठी वेगळी वाटही असते: रिटर्नशिप, म्हणजे अनुभवी माणसाला काही आठवडे-महिने पगारी काम देऊन पुन्हा रुळू देणं. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेनं ती २००८ मध्ये सुरू केली, पुढे इतरांनी उचलली. अर्जाआधी अट वाचा. अमुक इतका ब्रेक हवाच, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

खरी अडचण मिश्र काळाची. कुणी दोन वर्षं वडिलांची सेवा केली आणि नंतर चौदा महिने अर्ज केले, तर सगळ्याला "कौटुंबिक कारण" म्हणू नका. पुढच्या प्रश्नालाच ते अडकतं, आणि खरं बोलणारा माणूस खोटा दिसतो. दोन ओळी लिहा:

जून २०२१ ते मे २०२३: वडिलांची पूर्णवेळ शुश्रूषा.
जून २०२३ ते जुलै २०२४: लेखापाल पदासाठी शोध, नवीन अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा कोर्स पूर्ण, एका छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळले.

मुलाखतीत याच दोन ओळी याच क्रमानं सांगा, "माफ करा, मध्ये जरा गॅप आहे" अशी सुरुवात न करता.