‘आंधळ्याचा पोरगा आंधळा’ हे द्रौपदी म्हणालीच नव्हती

आमच्या यवतमाळकडच्या गावात कापूस वेचता वेचता बाया आजही म्हणतात, ‘द्रौपदीच्या एका बोलानं महाभारत झालं.’ पुरावा काय, तर १९८८ ची दूरदर्शनवरची मालिका. ‘तीच व्यासांबरहुकूम होती, नव्यांनी वाट लावली.’ मलाही ती मालिका फार प्रिय आहे. पण बाप्पा, तो टोमणा व्यासांचा नाही! सभापर्वात दुर्योधन स्फटिकाची जमीन समजून कपड्यांसकट पाण्यात पडतो, तेव्हा हसतात भीम, अर्जुन, नकुल-सहदेव. द्रौपदीही स्त्रियांसह हसली, हे पुढे दुर्योधनच बापाला सांगतो. पण आंधळेपणाचा शब्द त्याच्याही तक्रारीत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेलं महाभारत, उघडून पाहा. त्याचा खरा जळफळाट आहे तो युधिष्ठिराकडं आलेल्या नजराण्यांचा. त्यांची यादी तो अध्यायच्या अध्याय वाचतो.