होनो नो मिराजु

होनो नो मिराजु : सेंगोकु काळातील (पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीयुगातील) सामुराईंचे अतृप्त आत्मे विसाव्या शतकाच्या अखेरच्या जपानमध्ये आपली अपुरी युद्धे पुढे चालवतात, या कल्पनेवरील जपानी कादंबरीमाला व तिच्यावर आधारित ॲनिमे मालिका. लेखिका कुवाबारा मिझुना. मूळ कथेचे ४० खंड शुएइशा या प्रकाशनसंस्थेने, मुख्यतः तरुण मुलींसाठी असलेल्या कोबाल्ट बुंको या ग्रंथमालेत, १९९० ते २००४ या काळात काढले. मॅडहाउस स्टुडिओची १३ भागांची मालिका (दिग्दर्शक हिराता तोशिओ) २००२ मध्ये प्रसारित झाली. २००४ मध्ये तीन भागांची व्हिडिओ-पुरवणी आली.

मात्सुमोतो येथील शाळकरी मुलगा ओगी ताकाया हाच सोळाव्या शतकातील सामुराई उएसुगी कागेतोरा असल्याचे त्याला शोधत आलेला, कागेतोराचा सहकारी नाओए नोबुत्सुना सांगतो. ताकायाला यातले काहीच आठवत नाही. आपला दत्तक पिता, एचिगो प्रांताचा सरदार उएसुगी केनशिन याच्या आज्ञेने कागेतोरा व त्याचे चार सहकारी सुमारे चारशे वर्षे उपद्रवी आत्म्यांचे दमन करीत आले आहेत.

या मालिकेला सर्रास ‘पुनर्जन्माची कथा’ म्हणतात, ते काटेकोर नाही. येथे जीव कर्मानुसार नवा जन्म घेत नाही. तो दुसऱ्याच्या देहातील आत्म्याला हुसकावून पूर्वस्मृतींसह तेथे राहतो. शंकराचार्य व अमरू राजा यांच्या आख्यायिकेमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या परकायाप्रवेशाशी ही कल्पना अधिक जुळते. मात्र येथे मूळ देहात परतणे नाही आणि प्रत्येक नव्या देहामागे एका निरपराध जिवाचे विस्थापन आहे. नायकांच्या नैतिक कोंडीचे मूळ यातच आहे.

दमनविधीची चौकट शिंगोन पंथाच्या तांत्रिक बौद्ध आचारातून घेतलेली आहे. ‘चोबुकु’ हा त्या पंथातील होमविधींचा एक प्रकार असून तो भारतीय तंत्रातील आभिचारिक कर्माशी संबद्ध आहे. आवाहन होते ते बिशामोनतेनचे, म्हणजेच उत्तर दिशेचा लोकपाल वैश्रवण कुबेर याचे. ही निवड इतिहासाला धरून आहे. केनशिन बिशामोनतेनचा निष्ठावान उपासक होता. त्या देवतेच्या नावाचे आद्याक्षर त्याच्या ध्वजावर असे. वैश्रवणाचे अनुचर यक्ष. त्यामुळे कागेतोराच्या पथकाला ‘यशा-शू’, म्हणजे यक्षगण, हे नाव साजते.

ऐतिहासिक कागेतोराचे पूर्वायुष्य वादग्रस्त आहे. तो ओदावाराच्या होजो उजियासुचा मुलगा, मूळ नाव साबुरो. जन्मवर्ष सामान्यतः १५५४ धरतात. १५५२ असेही मत आहे. बालपणी त्याला ताकेदा घराण्याकडे ओलीस पाठवले होते, असे जुने वृत्तांत सांगतात. समकालीन विश्वसनीय पुरावा नसल्याने अलीकडच्या अभ्यासकांचा कल ही हकिगत बाजूला ठेवण्याकडे आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. होजो-उएसुगी तहानंतर १५७० मध्ये तो एचिगो प्रांतात आला. केनशिनने त्याला दत्तक घेऊन स्वतःचे पूर्वीचे नाव दिले आणि आपली भाची त्याला दिली. तिचा भाऊ कागेकात्सु हाही केनशिनचा दत्तक पुत्र होता.

१५७८ मध्ये केनशिन अकस्मात वारला. त्याने वारस कोणाला नेमले होते? एका मतानुसार केवळ कागेकात्सुला. दुसऱ्या मतानुसार कांतोचे (पूर्व जपानचे) अधिकारपद कागेतोराला व एचिगो कागेकात्सुला, अशी विभागणी योजली होती. केनशिनने १५७५ मध्ये कागेकात्सुला स्वतःचे दरबारी पद बहाल केले होते, ही गोष्ट पहिल्या मताला बळ देते. परंतु तेवढ्याने प्रश्न निकाली निघत नाही. पुढे वारसाहक्कासाठी दोघा दत्तक पुत्रांत झालेल्या ‘ओतातेच्या यादवी’त कागेतोरा हरला. १५७९ मध्ये तो सामेगाओ किल्ल्यात आश्रयाला गेला, तेथे किल्लेदार होरिए मुनेचिका उलटला आणि कागेतोराने आत्महत्या केली. कादंबरीतील कागेतोराचा क्रोध याच मृत्यूतून आलेला आहे.

नाओए नोबुत्सुना या यादवीत कागेकात्सुच्या पक्षाचा होता. १५८१ मध्ये कासुगायामा किल्ल्यात, युद्धानंतरच्या बक्षिसांवरून चिडलेल्या एका सामुराईच्या हल्ल्यात तो मारला गेला. जिवंतपणीच्या शत्रूला मृत्यूनंतर चाकरीला लावणे, ही कुवाबारांची कल्पना या कृतीतील सर्वांत समर्थ गोष्ट होय. निष्ठा, मत्सर व आसक्ती यांची दोघांमधील गुंतागुंत तीवरच उभी राहते. उरलेल्या सहकाऱ्यांपैकी काकिझाकी हारुइए हा साबुरोच्या (कागेतोराच्या) बदल्यात ओदावाराला ओलीस गेलेला तरुण; मालिकेत तो स्त्रीदेहात वावरतो. इरोबे कात्सुनागा साबुरो एचिगोत येण्यापूर्वीच वारला होता. यासुदा नागाहिदे हा पथकातील पाचवा.

पराभूतांचा कोप शमवण्याची जपानी परंपरा बरीच जुनी आहे. अशा आत्म्यांसाठी ८६३ मध्ये क्योतोच्या शिनसेन-एन उद्यानात राजाज्ञेने विधी झाला. ९०३ मध्ये निर्वासनात वारलेला सुगावारा नो मिचिझाने पुढे देवपदाला पोहोचला. मालिकेत मात्र देवालय बांधून शांतवण्याऐवजी आत्म्यांना बळाने परलोकी धाडले जाते.

ॲनिमे मालिका मात्सुमोतो, सेंदाइ व निक्को येथील आरंभीच्या प्रकरणांपुरती आहे. त्यामुळे सेंगोकु काळातील बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्याशी असलेल्या मुख्य संघर्षाला ती भिडत नाही. ताकायाला सेकी तोमोकाझु यांनी, तर नाओएला हायामी शो यांनी आवाज दिला. कादंबरीच्या वाचकांनी १९९० च्या दशकात मात्सुमोतो, योनेझावा व एचिगोतील स्थळांची यात्रा सुरू केली. कथास्थळांच्या अशा पर्यटनाचे हे प्रारंभीचे उदाहरण मानले जाते. सामेगाओच्या पायथ्याच्या शोफुकुजी मंदिरातील कागेतोराच्या स्मारकालाही ते भेट देतात.