पंप शाबूत, तरी लिफ्ट बंद: ट्रॅक्टरमधल्या एका दातेरी जोडाची झीज

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, उचलेनाशी झाली की पहिला आळ तेल ढकलणाऱ्या पंपावर येतो. पंप उतरवला जातो, नवा बसतो आणि काही दिवसांनी पुन्हा तीच रड सुरू होते. माझं ठाम मत आहे की नवा पंप आणण्याआधी जुन्याला फिरवणारा जोड तपासावा. दातेरी शाफ्ट, म्हणजे स्प्लाइन, आणि तिच्यावर बसणारं कपलिंग हा भाग मुठीत मावेल एवढाच असतो, पण लिफ्टचा सगळा भार त्यातूनच जातो.

हा भार किती, ते सोप्या हिशेबाने काढता येतं. पंप स्वतः दाब तयार करत नाही, तो नुसतं तेल ढकलतो. त्या तेलाला पुढे ओझं आडवं आलं की दाब चढतो. एका फेऱ्यात १० घन सेंटिमीटर तेल ढकलणारा पंप १७५ बार दाबावर चालत असेल, तर त्याचा शाफ्ट फिरवायला साधारण २८ न्यूटन-मीटर पीळ लागतो. दाते शाफ्टच्या मध्यापासून १० मिलिमीटरवर आहेत असं धरलं, तर त्या सगळ्यांवर मिळून २,८०० न्यूटन, म्हणजे सुमारे २८५ किलो वजनाएवढा जोर येतो. दाब दीडपट केला की पीळही दीडपट होतो. लिफ्ट कमी उचलते म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर सरकवून दाब चढवायची युक्ती मला म्हणूनच अजिबात पटत नाही. आधीच झिजलेल्या दात्यांवर ती आणखी भार टाकते.

पण नुसत्या भाराने पोलाद झिजत नाही. खरा घात होतो तो बारीक घासण्याने. पंप आणि त्याला फिरवणारा गियर अगदी एका रेषेत नसतील, तर प्रत्येक फेऱ्यात दाते एकमेकांवर किंचित पुढे-मागे सरकतात. हे सरकणं डोळ्यांना दिसतही नाही. मात्र मिनिटाला २,००० फेरे धरले तर तासाभरात ते १,२०,००० वेळा घडतं. दोन पृष्ठभागांच्या टोकदार जागा एकमेकींना चिकटतात आणि तुटतात. तुटलेल्या कणांचा हवेशी संयोग होऊन आयर्न ऑक्साइड तयार होतं. ते पोलादाला घासून काढण्याइतकं कठीण असतं, शिवाय मूळ लोखंडाच्या दुपटीहून थोडी जास्त जागा व्यापतं. मग ते दात्यांमध्ये अडकून पॉलिश पेपरसारखं काम करू लागतं. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जी. ए. टॉमलिन्सन यांनी १९२७ साली या झिजेचा पद्धतशीर अभ्यास मांडला. दाब कितीही असो, पृष्ठभाग एकमेकांवर सरकल्याशिवाय ही झीज होत नाही, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून जोड उघडल्यावर लगेच पुसू नका. कोरड्या स्प्लाइनवर कोकोच्या भुकटीसारखी तांबूस पूड दिसली, तर निदान जवळपास झालंच. तेलाचा ओलावा असेल तिथे हीच पूड काळपट चिखलासारखी दिसते. मग दात्यावरून नख लांबीच्या दिशेने फिरवा. कपलिंग जिथे संपतं तिथे नख पायरीला अडतं. ती पायरी म्हणजेच झिजलेली खोली. पंपाचा शाफ्ट वर-खाली हलवूनही पाहा. तो हलत असेल तर शाफ्टला आत आधार देणारे बुश गेले आहेत आणि मग पंपाचंही काम निघालं.

आवाजही बरंच सांगतो. इंजिन मंद चालताना खडखड आणि भार आल्यावर शांतता, हे ढिल्या दात्यांचं लक्षण आहे. लिफ्ट थंड असताना नीट उचलते आणि तेल तापल्यावर दमते, असं असेल तर संशय पंपावर घ्यावा, कारण पातळ झालेलं तेल झिजलेल्या फटींतून आतल्या आत परत गळतं.

१९४६ साली आलेल्या फर्ग्युसन टीई-२० सारख्या ट्रॅक्टरमध्ये पंप मधल्या हाउसिंगच्या तेलातच बसलेला असतो आणि पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला पुरवणाऱ्या शाफ्टवर, चालतो. अशा ठिकाणी काहीही खोलण्याआधी पीटीओचा लिव्हर गुंतला आहे ना, एवढं पाहावं. क्लच पूर्ण दाबला की तिथे लिफ्टही थांबते. तो बिघाड नव्हे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून उरलेला दाब सोडा. गळती बोटाने कधीही शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. ती जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग करून ते पुन्हा कापण्याचा मोह टाळावा. त्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि शाफ्ट वाकण्याची भीती असते. शाफ्ट आणि कपलिंग दोन्ही बदलणं उत्तम, कारण नव्या दात्यांना जुने दाते लवकर खातात. सुटा भाग मिळतच नसेल, तर चांगला टर्नर थोडं लांब कपलिंग करून देतो. शाफ्टचा न झिजलेला तुकडा पकडीत येणार असेल तरच त्याचा उपयोग. जोड कोरडा चालणारा असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस लावा. तेल येणारी वाट असेल तर ती मोकळी करा. आणि पंप ज्या तोंडावर बसतो ते तोंड साफ करून डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) पंप आणि गियर एका रेषेत आहेत का ते तपासा. ही तपासणी टाळली तर नवे दातेही जुन्यांच्याच वाटेने जातील.

बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, आवळत जा. पहिल्यांदा इंजिन लावण्याआधी पंपात हाताने तेल भरा, नाहीतर सुरुवातीचे फेरे कोरडे जातात. काही मिनिटं मंद गतीवर, बिनभाराने चालवा. तेलातला फेस बसला की अवजार जोडा.