आयजेम संघ (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

आयजेम संघ : सिंथेटिक बायॉलॉजी म्हणजेच संश्लेषी जीवशास्त्र या विषयातील ‘आयजेम’ (इंटरनॅशनल जेनेटिकली इंजिनिअर्ड मशीन) या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांनी बांधलेला गट. जीवाणूसारख्या साध्या सजीवात जनुकांचे निवडक तुकडे बसवून त्याच्याकडून ठरवलेले काम करून घेणे, हे या संघाचे मुख्य काम. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात २००३ च्या जानेवारीत भरवलेल्या एका छोट्या अभ्यासक्रमातून ही स्पर्धा निघाली. २००४ मध्ये ५ संघ होते, पुढच्या वर्षी १३. २०१२ पासून एक स्वतंत्र प्रतिष्ठान ती चालवते. अंतिम मेळावा बरीच वर्षे बॉस्टनला भरे, २०२२ पासून पॅरिसला भरतो. सुवर्ण, रौप्य व कांस्य पदके क्रमांकाने दिली जात नाहीत. ठरलेले निकष पुरे करणाऱ्या प्रत्येक संघाला पदक मिळते, त्यामुळे नवख्या महाविद्यालयालाही वाव राहतो.

जनुकांचे तुकडे प्रमाणित असावेत, म्हणजे एकाने बनवलेला तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला सहज जोडता यावा, ही मूळ कल्पना एमआयटीतील संशोधक टॉम नाइट यांची. एक्सबीए-१ आणि एसपीई-१ ही विकरे डीएनए वेगवेगळ्या जागी कापतात, पण कापलेली टोके एकमेकांत बसतात. जोड झाला की त्या ठिकाणी दोन्हींपैकी एकही विकर पुन्हा कापू शकत नाही, आणि जोडलेला तुकडा पुढच्या जोडणीला तयार राहतो. तयार डीएनए जीवाणूत शिरवताना दोन्ही असलेली बर्फातली नळी ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण मिनिटभर धरून पुन्हा बर्फात ठेवतात. मग प्रतिजैविक घातलेल्या आगरवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर) पसरून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. वाहक डीएनएमध्ये, म्हणजे तुकडा जीवाणूत नेणाऱ्या डीएनएमध्ये, नव्या तुकड्याच्या जागी आधीपासून लाल प्रथिनाचे जनुक असेल, तर सकाळी लाल दिसणाऱ्या वसाहतींत (जीवाणूंच्या ठिपक्यांत) जुनाच तुकडा आहे असे समजावे. पांढऱ्या वसाहती पुढच्या तपासणीसाठी उचलायच्या.

भारतातून सुरुवातीला उतरलेल्यांत बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राचा २००६ चा संघ होता. २००९ मध्ये बंगळूरच्याच कला-अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या पावसातल्या मातीचा वास देणारा जीवाणू घडवला. जीवशास्त्राची पदवी नसलेल्यांचे हे काम सीमाभागातील मुलांनी आवर्जून पाहावे. संघाला गणिती प्रतिरूप करणारा, संकेतस्थळ बांधणारा, उपकरण जुळवणारा आणि पैसे उभे करणाराही लागतो. नोंदणीशुल्कच काही हजार डॉलर असते, त्यावर पॅरिसचा प्रवासखर्च.

बेळगावात यासाठीची सामग्री बरीच आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथे आहे, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवरील संस्थाही शहरातच आहे. स्वस्त सेंट्रीफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून घटक वेगळे करणारे यंत्र) किंवा तापमान राखणारी पेटी बनवायची, तर उद्यमबागेतले कारखाने आणि कुशल कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत.

स्पर्धेत ज्याला ‘ह्यूमन प्रॅक्टिसेस’ म्हणतात, ते काम या भागात सर्वांत कसोटीचे आणि सर्वांत मोलाचे ठरते. आपण ज्यांच्यासाठी काही बनवतो त्यांना आधी विचारायचे आणि त्यांच्या उत्तराने प्रकल्प बदलायचा, असा त्याचा अर्थ. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात वडगाव-शहापूर शिवारातल्या भातात शिरतो, तिथल्या शेतकऱ्याशी मराठीत बोलावे लागेल. अथणी-रायबागकडे उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनींबद्दल विचारायचे, तर बहुतेकदा कन्नड लागेल. प्रश्नावली इंग्रजीत छापून आणणारा संघ या दोघांपर्यंत पोहोचणार नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलत वाढलेली इथली मुले हे काम मोठ्या शहरांतल्या संघांपेक्षा चांगले करू शकतात, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

प्रश्नाची निवडही अशा बोलण्यातूनच व्हावी. एडिंबरा विद्यापीठाच्या २००६ च्या संघाने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक ओळखणारा जीवाणू तयार केला. आर्सेनिक असले की हा जीवाणू पाण्याची आम्लता बदलतो आणि तो बदल दर्शकाच्या, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याच्या, रंगाने कळतो. महागड्या यंत्राशिवाय उत्तर देणारी ही पद्धत नाल्याच्या पाण्यातील जड धातूंसाठी विचारात घेण्याजोगी आहे.

मात्र जनुके बदललेला जीवाणू प्रयोगशाळेबाहेर सोडायला स्पर्धेच्या नियमांनी सक्त मनाई आहे. भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. म्हणून जीवाणू नाल्यावर न्यायचा नाही, नाल्याचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणायचे. पाणी घेतल्याची जागा, तारीख आणि त्या आठवड्यातला पाऊस लिहून ठेवावा लागतो, कारण मोठ्या सरीनंतर नाल्यातले प्रमाण बदलते.

संघाचे वेळापत्रक जूनच्या पेरणीपासून भात पोटरीत येईपर्यंत जोरात चालते. ऑक्टोबरात प्रकल्पाची नोंद असलेले संघाचे संकेतस्थळ गोठवले जाते, त्यानंतर त्यात बदल करता येत नाही. फसलेले प्रयोगही तिथे नोंदवायचे असतात. पुढच्या वर्षीचा संघ, मग तो निपाणीचा असो वा नैरोबीचा, तिथूनच सुरुवात करतो.