क्वीन फुटलाच नव्हता

'लाइव्ह एड' या १९८५च्या मदतनिधी मैफलीआधी क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड फुटला होता, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी एकटाच गायला निघून गेला होता आणि त्या मैफलीसाठी सगळे पुन्हा एकत्र आले, ही गोष्ट २०१८च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपटानंतर आपल्याकडेही पक्की झाली. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी, त्यामुळे इथे ती जरा जास्तच रंगवून सांगितली जाते.

पण तारखा बघा. फेब्रुवारी १९८४मध्ये 'द वर्क्स' हा अल्बम आला. जानेवारी १९८५मध्ये रिओत अफाट गर्दीपुढे कार्यक्रम, मग न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि मे महिन्यात जपान. लाइव्ह एड १३ जुलैला, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची उसंत! वीसेक मिनिटांत स्टेडियम खिशात घातलं ते हात तापलेले होते म्हणून. शिवाय कसून तालीमही केली होती.

राहिला एकट्याचा अल्बम. फ्रेडीचा १९८५चा, पण ड्रमर रॉजर टेलरने तर १९८१मध्येच स्वतःचा काढला होता.

चित्रपटात फ्रेडी तालमीच्या वेळी एड्सबद्दल सांगतो. प्रत्यक्षात रोगाचं निदान १९८७च्या सुमाराला झालं असं मानलं जातं. जाहीर निवेदन आलं २३ नोव्हेंबर १९९१ला. दुसऱ्याच दिवशी तो गेला.