दाब सोडायला शिकवणारा पुतळा

नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याचे, प्रशिक्षण झाले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "रबरी पुतळ्यावर हात चालवून डॉक्टर कसे घडणार?" पुतळ्यावरचा सराव कुचकामी, हा समज बराच रूढ आहे. पण नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुन लेर्डाल यांनी १९६० मध्ये असा पुतळा तयार केला आणि २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात तर स्किल लॅबमधील, म्हणजे पुतळ्यांवर कौशल्ये शिकण्याच्या प्रयोगशाळेतील, सरावाला हक्काचे स्थान मिळाले आहे.

हृदय थांबले की छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. दाबल्यावर रक्त मेंदूकडे ढकलले जाते, हे सहज पटते. परंतु खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दाब सुटल्यावर. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, मुळाशी सुरू होतात आणि ते रक्त अखेर उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, परतते, त्यामुळे या दोन ठिकाणच्या दाबांतील फरकावरच हा प्रवाह चालतो. छाती पूर्ण वर आली की अलिंदातील दाब उतरतो आणि फरक वाढतो. दमलेला माणूस मात्र नकळत तळहातावर रेलून राहतो, अलिंदातील दाब चढाच राहतो आणि प्रवाह मंदावतो. हा फरक १५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी राहिला, तर हृदय पुन्हा सुरू होण्याची शक्यता फारच थोडी उरते. दाब देणे मध्येच थांबवल्यास हा फरक कोसळतो आणि पुन्हा वाढवायला बरेच दाब द्यावे लागतात.

हे वाचून कळते, पण हाताला कळत नाही. दुसऱ्या मिनिटाला माझ्या पुतळ्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. खोली बरोबर होती, हात सुटत नव्हता. "काका, कोपर ताठ ठेवा आणि छाती पूर्ण वर येऊ द्या," शिकवणाऱ्या परिचारिका म्हणाल्या.  

दमलेल्याला आपली चूक जाणवत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा असतो. माझ्यानंतर ते ज्येष्ठ सभासदच गुडघ्यांवर बसले. पहिल्या फेरीत त्यांचा दिवा तीनदा पिवळा झाला, दुसऱ्या फेरीत तो शेवटपर्यंत हिरवा राहिला.