बादलीतला हीटर आणि मॅरेथॉनचं पदक

१५ सप्टेंबर २०२५. टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतल्या पुरुषांच्या मॅरेथॉनचे शेवटचे शंभर मीटर. जर्मनीचा अमानल पेत्रोस पुढे, टांझानियाचा अल्फॉन्स सिम्बू मागून सुसाट. रेषेवर पेत्रोसने अंग झोकून दिलं आणि पडला. दोघांची वेळ तीच, २:०९:४८. फोटो बघून ठरलं, सिम्बू ०.०३ सेकंदांनी पुढे. आदल्या रात्री १०० मीटरच्या फायनलमध्येसुद्धा पहिल्या-दुसऱ्यात ०.०५ सेकंदांचं अंतर होतं! तिसरा आला इटलीचा इलियास आवानी.

मोठ्या शर्यतीआधी पहिले तीन कोण येतील याचा अंदाज मी वहीत लिहून ठेवतो. या तिघांपैकी एकाचंही नाव तिथे नव्हतं.

पद्धत माझी सरळ होती, बहुतेक जण हेच करतात: प्रत्येकाची आजवरची सर्वोत्तम वेळ बघायची, उतरंड लावायची, वरची तीन नावं उचलायची. चूक नेमकी इथेच होते. एक तर अशा शर्यतीत सगळेच बोर्डात पंचाण्णव टक्क्यांच्या वरचे. त्यांच्यातल्या अर्ध्या-एक मिनिटाच्या फरकापेक्षा त्या दिवशीची झोप, पोट आणि पिंढरी जास्त फरक पाडतात. दुसरं म्हणजे ती सर्वोत्तम वेळ आलेली असते बर्लिन किंवा व्हॅलेन्सियाच्या सपाट रस्त्यावर, गार हवेत, पुढे वेग धरून देणारे पेसमेकर असताना. अजिंक्यपद स्पर्धेत पेसमेकर नसतात, आणि ती बहुतेकदा भर उन्हाळ्यात होते.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो: उष्णता.

धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोचा धावपटू ताशी साडेएकोणीस किलोमीटरने धावतोय, म्हणजे तासाला ११७० किलोकॅलरी. वॅटमध्ये मांडलं तर जवळपास १३५०. यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन जातो. हजार वॅट धरू. हजार वॅट म्हणजे आपला बादलीत सोडायचा हीटर. तो अंगात चालू ठेवून हा माणूस दोन तास दहा मिनिटं पळतोय.

शरीराचं तापमान एक अंशाने वाढायला प्रत्येक किलोमागे साडेतीन किलोज्यूल लागतात, साठ किलोला २१० किलोज्यूल. उष्णता बाहेर पडलीच नाही, तर साडेतीन मिनिटांत एक अंश. दहा-अकरा मिनिटांत ३७ वरून ४०. शर्यत तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरलाच संपायची.

वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळला की साधारण २४०० किलोज्यूल घेऊन जातो. हजार वॅट फेकायचे तर तासाला दीड लिटर घाम वाळायला हवा. ‘वाळायला’ महत्त्वाचं. टपटप गळून रस्त्यावर पडलेला घाम काही कामाचा नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी का गार होत नाही, आठवा. हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, माठ पाझरतो पण ओलाच राहतो. दमट हवेतल्या धावपटूचं तेच होतं.

समजा एखाद्याची फक्त शंभर वॅट उष्णता अंगात साचत राहिली, दहांतला एक भाग. मग पस्तीस मिनिटांना एक अंश. १३० मिनिटांत पावणेचार अंश. एवढं शरीर सहन करत नाही, मेंदू त्याआधीच पाय आवळतो. टीव्हीवर आपल्याला दिसतं की पस्तिसाव्या किलोमीटरला अमुक ‘अचानक’ मागे पडला. हिशोब मात्र पहिल्या किलोमीटरपासून चालू असतो.

त्यात आकाराची भर. एकाच बांध्याचे दोघे, एक पन्नास किलोचा, दुसरा पासष्ट. त्याच वेगाला दुसरा ३० टक्के जास्त उष्णता तयार करतो, कारण ती वजनाबरोबर वाढते. कातडी मात्र सुमारे १९ टक्केच जास्त, कारण क्षेत्रफळ वजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढतं. (घातांक नको असेल तर एवढंच धरा: थोराड शरीर निवायला वेळ लागतो.) अथेन्स ऑलिंपिक, २००४, महिलांची मॅरेथॉन: तेव्हाची विश्वविक्रमी, ब्रिटनची पॉला रॅडक्लिफने ३६ किलोमीटरच्या आसपास शर्यत सोडली, सोनं नेलं जपानच्या मिझुकी नोगुचीने, उंची दीड मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. रॅडक्लिफचा पाय आणि पोट, दोन्ही बिघडलेलं होतं, त्यामुळे या एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. पण मला ते विसरता येत नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असूनही पहाटे अंधारात का सुटते, ते यावरून कळेल.

स्पर्धा जवळ आली की चॅनेलवाल्यांना ज्योतिषीही सापडतात. पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २७ ज्योतिष्यांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या होत्या. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास! तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेल्या, वेग वाढवणाऱ्या बुटांचा गाजावाजाही इथे निरुपयोगी. ते बूट आता सगळ्यांच्याच पायात असतात.

मग काहीच सांगता येत नाही का? थोडं येतं. पॅरिस ऑलिंपिक २०२४ घ्या. ४३६ मीटरची चढण, काही ठिकाणी उतार-चढ तेरा टक्क्यांवर. जिंकला इथिओपियाचा तामिरात तोला, तोही राखीव यादीतून ऐन वेळी आलेला; आधीची दोन ऑलिंपिक जिंकलेल्या केनियाच्या एलिऊड किपचोगेने तिसाव्या किलोमीटरनंतर शर्यत सोडली. पण तोला २०२२चा जगज्जेता होता, आणि २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या चढउतारांवर, पेसमेकरशिवाय, मार्गाचा विक्रम करून जिंकला होता. सिम्बूलाही २०१७च्या जागतिक स्पर्धेत कांस्य होतं. माझ्या वहीत या गोष्टींना रकानाच नव्हता. टोकियोत महिलांचं कांस्य मिळवणारी उरुग्वेची ज्युलिया पातेर्नेन मात्र कुठल्याच रकान्यात बसली नसती. ती तिची दुसरीच मॅरेथॉन होती, आणि आपण तिसऱ्या आलोय हे रेषा ओलांडल्यावर तिलाच दुसऱ्यांकडून कळलं.

२०२७च्या बीजिंगमधल्या जागतिक स्पर्धेसाठी नवी वही केली आहे. सर्वोत्तम वेळेचा रकाना शेवटी ढकलला. आधी वजन, मग पेसमेकर नसलेल्या शर्यतींतले क्रमांक, मग उकाड्यात पूर्ण केलेल्या शर्यती. नावांची जागा रिकामी आहे. शर्यतीच्या पहाटे तिथली आर्द्रता बघून भरणार.